गोमटेशाचे न्हाण

श्रवणबेळगोळच्या विंध्यगिरीवरचा बाहुबली, म्हणजेच गोमटेश, एरवी फक्त पायांपाशी भिजतो. रोजची पूजा होते ती पावलांची. मूर्ती 57 फूट उंच, त्यामुळे मस्तकापर्यंत पोचायचे तर पाठीमागून परांची बांधावी लागते, आणि ती साधारण बारा वर्षांतून एकदा उभी राहते. मग काही दिवस त्या उघड्या, निश्चल देहावरून पाणी, नारळपाणी, उसाचा रस, दूध, तांदळाचे पीठ, हळद, चंदन, केशर असे एकामागून एक ओघळत राहते आणि खाली उभे असलेले लोकही त्याच रंगांत भिजून निघतात. हा महामस्तकाभिषेक. शेवटचा 2018 च्या फेब्रुवारीत झाला.

ज्याने राज्य सोडले, वस्त्र सोडले, अन्न सोडले, इतकेच काय, जागचे हलणेही सोडले, त्याच्या डोक्यावर पहिला कलश कोणी ओतायचा याची बोली कोटींच्या घरात जाते. अपरिग्रह हे ज्या धर्माचे एक महाव्रत, त्याच्या सर्वांत गाजलेल्या सोहळ्यात एवढा थाटमाट कशाला, हा प्रश्न बाहेरून येणाऱ्याला पहिल्याच दिवशी टोचतो. गंमत अशी, की तो परंपरेलाही टोचलेला दिसतो. तिने त्यावर एक गोष्ट रचली आणि त्या गोष्टीतल्या म्हातारीचा पुतळा थेट बाहुबलीच्या समोर आणून उभा केला. म्हातारीकडे येऊच. आधी बाहुबली.

बाहुबली तीर्थंकर नाही. चोवीस तीर्थंकरांच्या यादीत त्याचे नाव शोधून सापडणार नाही. तो पहिल्या तीर्थंकराचा, ऋषभदेवांचा, मुलगा. ऋषभदेवांनी दीक्षा घेताना राज्य मुलांत वाटून दिले. थोरल्या भरताला अयोध्या मिळाली, बाहुबलीला पोदनपूर, बाकीच्यांना बाकीचे प्रदेश. भरत दिग्विजय करून परतला, तर त्याचे चक्ररत्न नगरीच्या वेशीवर अडले, पुढे सरकेना. पुरोहितांनी कारण सांगितले, की सगळे जग जिंकले, भाऊ राहिले. इतर भावांनी भांडण्यापेक्षा राज्य सोडून दीक्षा घेणे पसंत केले. बाहुबली मात्र वाकायला तयार होईना.

सैन्ये समोरासमोर आली तेव्हा मंत्र्यांनी मध्ये पडून शहाणपणाची तोड काढली. भांडण दोघांचे, तर दोघांनीच निस्तरावे, शिपाई का मरावेत? दृष्टियुद्ध, जलयुद्ध आणि मल्लयुद्ध अशा तीन फेऱ्या ठरल्या. बाहुबली अंगाने उंच. नजरेला नजर भिडवताना भरताला मान वर करावी लागली आणि त्याच्या पापण्या आधी लवल्या. पाण्यात त्याने उडवलेले पाणी धाकट्याच्या छातीपर्यंतच पोचले. कुस्तीत बाहुबलीने त्याला उचलून खांद्यावर घेतले, पण जमिनीवर आपटले नाही. अपमानाने पेटलेल्या भरताने चक्र सोडले. ते बाहुबलीला प्रदक्षिणा घालून त्याच्याजवळ थांबले. जिंकलेल्याला त्या क्षणी जिंकण्याचीच किळस आली. त्याने राज्य थोरल्याच्या हाती दिले आणि वनात जाऊन उभा राहिला. एक वर्ष. पायांशी वारुळे वाढली, त्यांतून साप निघाले, माधवीच्या वेली पोटऱ्यांवरून मांड्यांवर आणि तिथून दंडांवर चढल्या.

तरी केवलज्ञान, म्हणजे पूर्ण ज्ञान, होईना. दिगंबर परंपरा सांगते, की मनात एक काटा राहून गेला होता: आपण उभे आहोत ती दोन पावलांची जमीनही भरताचीच. भरताने येऊन नमस्कार केला तेव्हा तो काटा निघाला. श्वेतांबर कथेत हेच काम ब्राह्मी आणि सुंदरी या बहिणी करतात. हत्तीवरून खाली उतर, असे त्या त्याला सांगतात, आणि हत्ती म्हणजे आपला ताठा हे त्याच्या लक्षात येते. सातबाऱ्यावरच्या एका नावासाठी भावाभावांनी तीन पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्याची उदाहरणे ज्या गावांत आहेत, तिथे ही कथा पुराणातली म्हणून ऐकली जात नाही. सांगली-कोल्हापूरकडच्या जैन शेतकऱ्यांत बाहुबली इतका घरचा का, याचे थोडे उत्तर इथे असावे.

ही कथा नवव्या शतकात जिनसेनांच्या संस्कृत आदिपुराणात विस्ताराने आली आणि 941 मध्ये पंपाने ती कन्नडमध्ये नेली. दगडात ती त्याच्याही आधी उतरली होती. बदामीच्या जैन लेण्यात आणि ऐहोळेला बाहुबली आहे. वेरूळच्या जैन लेण्यांत तर तो अनेकदा भेटतो, आणि बहुधा पार्श्वनाथाच्या समोर. इंद्रसभेत, म्हणजे बत्तीस क्रमांकाच्या लेण्यात, ही जोडी नीट पाहण्यासारखी आहे. एकीकडे पार्श्वनाथ, त्यांच्यावर चाल करून येणारा कमठ आणि वर नागफणा. दुसरीकडे वेलींनी वेढलेला बाहुबली. एकावर बाहेरून हल्ला होतो आहे, दुसऱ्याला नुसता काळ वेढतो आहे, आणि दोघेही ढळत नाहीत. मुंबईकराला तेवढेही लांब जायला नको. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात श्रवणबेळगोळहून आलेली बाहुबलीची एक छोटी ब्राँझ मूर्ती आहे. ती विंध्यगिरीवरच्या महाकाय मूर्तीहून जुनी, आणि दोन वितींत बसणाऱ्या त्या धातूत वेलींची पाने मोजता येतात.

विंध्यगिरीवरची मूर्ती घडवून घेतली चावुंडरायाने. हा गंग राजा राचमल्ल याचा मंत्री आणि सेनापती. लढाया मारून बिरुदे मिळवलेला आणि त्याच हाताने कन्नड गद्यात त्रेसष्ट शलाकापुरुषांची चरित्रे लिहिणारा. त्याचे ते पुराण 978 चे. मूर्तीची प्रतिष्ठा 981 ची मानतात. त्याचे गुरू नेमिचंद्र सिद्धांतचक्रवर्ती, ज्यांचा गोम्मटसार हा कर्मसिद्धांतावरचा ग्रंथ आजही मुनिसंघांत अभ्यासला जातो. आख्यायिका म्हणते, की चावुंडरायाची आई काललादेवी हिने पोदनपूरच्या बाहुबलीचे दर्शन होईपर्यंत दूध न घेण्याचा नेम धरला. आईला घेऊन निघालेला मुलगा वाटेत बेळगोळला थांबला. स्वप्नात यक्षी कूष्मांडिनीने सांगितले, पोदनपूरची वाट आता बंद आहे, समोरच्या मोठ्या टेकडीवर बाण मार. त्याने धाकट्या टेकडीवरून, चंद्रगिरीवरून, बाण सोडला आणि जिथे तो लागला तिथे खडकातून मूर्तीचे रूप दिसले.

या कथेतली खडकाची गोष्ट खरी आहे. टेकडीच्या माथ्यावरचा ग्रॅनाइट कोरून काढून, बाहेरून काहीही न जोडता, ही मूर्ती घडवली आहे. मांड्यांपर्यंत तिला मागे वारुळांचा आधार आहे, तिथून वर काहीच नाही. ऊन, पाऊस, वारा हजार वर्षे थेट अंगावर. चेहरा उत्तरेकडे, डोळे पूर्ण मिटलेले नाहीत, पूर्ण उघडेही नाहीत, ओठांच्या कोपऱ्यात हसू आहे की नाही, हे पायथ्याशी उभे राहून ठरवता येत नाही. खांदे रुंद, हात सरळ खाली सोडलेले, केस गोल वळ्यांचे. एवढ्या मोठ्या आकारात शिल्पकाराने फुशारकीचा मोह टाळला आहे. स्नायू फुगवलेले नाहीत, मुद्रा गंभीर करून दाखवलेली नाही. या मूर्तीचे नाव जगभर उंचीसाठी घेतले जाते, याला खरे तर तिचे नुकसानच म्हणायचे.

आता म्हातारी. प्रतिष्ठेनंतर चावुंडरायाने पहिला अभिषेक मांडला. दुधाचे हंड्यांमागून हंडे रिते झाले, पण दूध मूर्तीच्या बेंबीखाली उतरेना. सेनापतीची घालमेल सुरू झाली. तेवढ्यात एक म्हातारी आली. तिच्या हातात वांग्याच्या जातीच्या एका लहानशा फळाची पोकळ वाटी आणि तीत घोटभर दूध. लोक हसले. तिने दूध ओतले, आणि ते मस्तकावरून पावलांपर्यंत वाहत गेले, टेकडीवरून खाली ओघळले. ती कूष्मांडिनीच होती आणि चावुंडरायाचा गर्व उतरवायला आली होती, असे नंतर उमगले म्हणतात. त्या फळाच्या कन्नड नावावरून तिला गुळ्ळकायज्जी म्हणतात, म्हणजे गुळ्ळकाय आणणारी आजी. तिची दगडी मूर्ती, हातात ते फळ घेतलेली, आजही गोमटेशाच्या प्राकाराबाहेर समोर उभी आहे.

ज्याने मूर्ती उभारली, त्याच्याच गर्वाची गोष्ट त्याच्याच टेकडीवर हजार वर्षे सांगितली जाते. देणगीदारांच्या नावांच्या पाट्यांनी भरलेल्या आपल्या देवळांत अशी सोय क्वचितच असते. बोली लावणारा उद्योगपतीही तिच्यासमोरूनच पुढे जातो. तिने बोली थांबवलेली नाही, हेही खरे. त्या पैशातून यात्रेची व्यवस्था होते, शाळा, दवाखाने आणि इतर कामे उभी राहतात, असे समर्थन दिले जाते, आणि ते पोकळ नाही. दोन्ही गोष्टी तिथे शेजारी शेजारी नांदतात.

प्रत्यक्ष सोहळ्यात 1008 कलशांना मान. पूर्वी आणि आताही ते मूर्तीसमोर पसरलेल्या धान्यावर रेखीव मांडले जातात, तोंडाला पाने आणि नारळ लावून. 2018 मध्ये पहिल्या दिवशी 108 कलशांचा अभिषेक झाला. कलशधारक पाठीमागच्या परांचीवरून चढतात. वर उभे राहिल्यावर त्यांच्या पायांखाली मूर्तीचे मस्तक असते आणि समोर दूरवर पसरलेले रान, नारळीची झाडे, गावातले कल्याणी तळे आणि पलीकडे चंद्रगिरी. आधी पाणी ओततात. मग नारळपाणी आणि उसाचा रस. दगड चकाकू लागतो. दुधाने मूर्ती पांढरी होते. तांदळाच्या पिठाचा धुरळा उडतो तेव्हा काही क्षण चेहरा दिसेनासाच होतो. हळद पडली, की सारे अंग पिवळेजर्द. वनस्पतींच्या काढ्याने ते तपकिरी होते, चंदनाने लालसर. शेवटी फुलांचा वर्षाव, आणि मग पुन्हा पाणी. प्रत्येक द्रव्यागणिक चेहऱ्याचा भाव बदलल्यासारखा वाटतो; बदलतो तो अर्थात प्रकाश आणि रंग.

या पंचामृती थाटावर खुद्द दिगंबरांतच एकमत नाही. उत्तरेतल्या तेरापंथी दिगंबरांच्या मंदिरांत मूर्तीला शुद्ध पाण्याचाच अभिषेक चालतो. फुले, दूध, दही यांत जीवहिंसेचा दोष लागतो अशी त्यांची धारणा. दक्षिणेतली भट्टारकांची, म्हणजे मठाधिपतींची, परंपरा पंचामृताची. महामस्तकाभिषेकाला दोन्हीकडचे लोक येतात आणि बहुतेक जण तेवढ्यापुरता वाद बाजूला ठेवतात. दिगंबर मुनींचे संघ मात्र पायी येतात, कित्येक महिने चालत, हातात मोरपिसांची पिंछी आणि कमंडलू घेऊन. ज्या परांचीवर लाखोंची बोली लावणारे चढतात, तिच्या पायथ्याशी ज्यांच्याकडे एक वस्त्रही नाही असे लोक मानाच्या जागी बसलेले असतात.

बारा वर्षांच्या नेमाविषयी एक खुलासा हवा. शिलालेखांतला मस्तकाभिषेकाचा सर्वांत जुना उल्लेख 1398 चा. गेल्या शतकभरातली वर्षे पाहिली तर 1910, 1925, 1940, 1953, 1967, 1981, 1993, 2006 आणि 2018 अशी ओळ लागते. अंतर कधी पंधरा वर्षांचे, कधी तेरा-चौदा, ठीक बारा फक्त दोनदा. पंचांग, पैसा, पाऊसपाणी, राजाची मर्जी या सगळ्यांचा त्यात हात असे. म्हैसूरच्या वडेयर घराण्याचा या क्षेत्राला मोठा आधार होता, आणि महाराजांनी जातीने सोहळ्याला येण्याची प्रथा होती. 1887 चा अभिषेक मात्र कोल्हापूरच्या लक्ष्मीसेन भट्टारकांनी करवला. त्याला तेव्हाचे तीस हजार रुपये लागले.

1981 चा सोहळा वेगळाच होता, कारण त्या वर्षी मूर्तीला हजार वर्षे पूर्ण झाली. आदल्या वर्षी दिल्लीहून निघालेला जनमंगल महाकलश देशभर गावोगावी फिरत आला. इंदिरा गांधींनी हेलिकॉप्टरमधून मूर्तीवर फुले उधळली. टपाल खात्याने तिकीट काढले. कानडी मुलखातला एक दिगंबर सोहळा त्या वर्षी अखिल भारतीय झाला, आणि वर्तमानपत्रांची, पुढे दूरचित्रवाणीची गर्दी तेव्हापासून वाढत गेली. त्यानंतरचे तिन्ही सोहळे ज्यांच्या नेतृत्वाखाली पार पडले, ते चारुकीर्ती भट्टारक 2023 च्या मार्चमध्ये निवर्तले. पुढच्या अभिषेकाची जबाबदारी त्यांच्या पट्टशिष्यावर आहे.

मराठी माणसाला श्रवणबेळगोळ शाळेपासून माहीत असते, ते एका ओळीमुळे. मूर्तीच्या पायांजवळ नागरी लिपीत ‘श्रीचावुण्डराजें करवियलें’ असे कोरले आहे. तोच मजकूर कन्नड आणि तमिळमध्येही आहे. कित्येक वर्षे हे मराठीतले सर्वांत जुने कोरीव वाक्य मानले गेले. पण त्याच्याच जोडीला गंगराजाने भोवतीचा प्राकार बांधवल्याचे वाक्य येते, आणि गंगराज हा होयसळ विष्णुवर्धनाचा सेनापती, म्हणजे बाराव्या शतकातला. दोन्ही ओळी एकाच वेळी कोरल्या असतील तर पहिलेपणाचा मान जातो, आणि अलिबागजवळच्या आक्षीचा 1012 चा शिलालेख पुढे येतो. अभ्यासकांचा कौल आता बराचसा आक्षीकडे झुकतो. मान कोणाचाही असो. कर्नाटकातल्या टेकडीवर, तमिळ आणि कन्नडच्या शेजारी, यात्रेकरूंना कळावे म्हणून मराठीही कोरावी लागली, यावरून त्या काळी तिथे कोण कोण चढून येत होते याचा अंदाज येतो.

ती ये-जा थांबलेली नाही. सांगली, कोल्हापूर, बेळगाव या पट्ट्यातला जैन समाज मोठ्या प्रमाणावर शेतकरी आहे; व्यापारी जैन ही मुंबई-पुण्याची कल्पना इथे लागू पडत नाही. पाटील, चौगुले, मगदूम अशी आडनावे, उसाची शेती, गावात बस्ती, म्हणजे जैन मंदिर, आणि तिथले पूजेचे काम पाहणारे उपाध्ये. 1899 मध्ये स्थापन झालेल्या दक्षिण भारत जैन सभेने याच समाजात वसतिगृहे आणि शिक्षण पोचवले. हातकणंगले तालुक्यातल्या कुंभोजजवळच्या डोंगराला आज लोक बाहुबली म्हणूनच ओळखतात. तिथे मुनी समंतभद्रांनी 1934 मध्ये ब्रह्मचर्याश्रम सुरू केला आणि 1963 मध्ये 28 फुटांची संगमरवरी बाहुबली मूर्ती उभी राहिली. त्याच डोंगरावर श्वेतांबरांचे पार्श्वनाथ मंदिरही आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांचा जन्म याच कुंभोजचा. यात्रा आणि शाळा ही जोडी या भागात नवी नाही.

श्रवणबेळगोळची नक्कल म्हणा किंवा वारसा, दक्षिण कन्नडच्या बाजूला तो पसरला. कार्कळला 1432 मध्ये वीरपांड्याने 42 फुटांचा बाहुबली उभारला. तो दुसरीकडे घडवून टेकडीवर चढवला, हे त्याचे वेगळेपण. वेणूरला 1604 मध्ये तिम्मराज अजिलाने 35 फुटांचा केला. धर्मस्थळची 39 फुटांची मूर्ती तर आपल्या काळातली. तिची प्रतिष्ठा 1982 मध्ये झाली. नाशिक जिल्ह्यातल्या मांगीतुंगीला 2016 मध्ये बाहुबलीच्या वडिलांची, ऋषभदेवांची, 108 फुटांची मूर्ती डोंगर कोरून उभी राहिली आणि विक्रमांच्या नोंदीत गेली. काम अचाट आहे. तरी धाकट्याला टोचली होती ती भरताची जमीन, उंची नव्हे, हे आठवून थोडे हसू येते.

बारा वर्षांचा हिशेब धरला तर श्रवणबेळगोळचा पुढचा अभिषेक 2030 मध्ये येतो. कार्कळचा मागचा सोहळा 2015 चा, म्हणजे तिथली पाळी 2027 ची. वेणूरचा 2024 मध्ये झाला. धर्मस्थळचा 2019 मध्ये. ज्यांना गर्दीत उभे राहून हळदीत भिजायचे आहे, त्यांनी या तारखांवर लक्ष ठेवावे. ज्यांना नुसती मूर्ती पाहायची आहे, त्यांनी अधल्यामधल्या एखाद्या वर्षी, हिवाळ्यात, सकाळी लवकर जावे. खडकात कोरलेल्या सहाशेहून अधिक पायऱ्या अनवाणी चढाव्या लागतात आणि दहानंतर दगड तापतो, पायमोजे चालतात. ज्यांना चढवत नाही त्यांच्यासाठी डोलीवाले असतात. दर आधी ठरवून घ्यावा. उतरताना वेळ उरला तर समोरची चंद्रगिरी चुकवू नये. जैन आचार्य भद्रबाहूंबरोबर चंद्रगुप्त मौर्य इथे आला आणि त्याने इथेच देह ठेवला, अशी परंपरा आहे. सल्लेखना, म्हणजे उपवासाने देह ठेवण्याचे व्रत, घेतलेल्या मुनींचे आणि आर्यिकांचे (साध्वींचे) लेख खडकावर जागोजागी आहेत. तिकडे यात्रेकरू फारसे वळत नाहीत, आणि तिथून वर पाहिले, की समोरच्या टेकडीवर प्राकाराच्या भिंतीच्या वर बाहुबलीचे खांदे आणि डोके तेवढे दिसते.